मानसोपचार वॉर्डात नव्याने रुजू होताना: औषधं, निरीक्षण आणि नागपूरचा उन्हाळा

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून पहिल्यांदा मानसोपचार वॉर्डात येणाऱ्यांच्या मनात बहुतेक एकच धास्ती असते: रुग्ण अंगावर आला तर? धास्ती समजण्यासारखी आहे, पण अंगावर येणारे रुग्ण थोडे असतात. जास्त जपावं लागतं ते गप्प बसलेल्यांना. एखाद्याची मान सकाळपासून एका बाजूला वळलेली असते, कुणाचे हात कालपेक्षा जास्त थरथरत असतात, कुणी दोन दिवस धड पाणीही घेतलेलं नसतं. डॉक्टर राउंडला दिवसातून एकदा-दोनदा येतात, बाकीचा सगळा वेळ रुग्ण आपल्या नजरेखाली असतो. या बारीक गोष्टी आपण टिपल्या तरच त्या केसपेपरवर येतात आणि औषधाचा डोस वेळेवर बदलतो.

नागपुरात हे काम शिकण्याच्या मुख्य सरकारी जागा म्हणजे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) इथले मानसोपचार विभाग. मनोरुग्णालय हे ठाणे, पुणे, रत्नागिरीसोबत राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. इथे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचे रुग्ण येतात, तसेच सीमेपलीकडच्या छिंदवाडा-बालाघाटचेही. वऱ्हाडी, झाडीबोली, हिंदी, क्वचित गोंडी असं सगळं एकाच वॉर्डात कानावर पडतं.

शिफ्ट सुरू होताना

हँडओव्हर रुग्णाच्या खाटेजवळ उभं राहून घ्या, नुसतं रजिस्टर वाचून नको. आधीच्या सिस्टरला चार गोष्टी हमखास विचारा: आत्महत्येचा धोका कोणाला आहे, गेल्या चोवीस तासांत इंजेक्शन कोणाला द्यावं लागलं, कोणी जेवलं किंवा झोपलं नाही, आणि नवीन औषध कोणाचं सुरू झालं. मग स्वतः डोकी मोजा. बाथरूम, जिन्याखालची जागा, खिडक्यांचे गज पाहून घ्या. काचेची बाटली, ब्लेड, पट्टा, नाडी, चार्जरची वायर, लांब ओढणी या वस्तू धोका असलेल्या रुग्णाजवळ राहू देऊ नका. भेटायला येणारे डब्यासोबत काय आणतात तेही प्रेमाने विचारून पाहायचं.

तुमच्या गळ्यात ओढणी किंवा साखळी नको. खोलीत शिरलात की दार तुमच्या पाठीशी असू द्या आणि रुग्णाला कोपऱ्यात अडकल्यासारखं वाटणार नाही इतकं अंतर ठेवा. एवढी सवय पहिल्याच दिवसापासून लावून घ्या.

बोलायचं कसं

रुग्ण म्हणतो, "सिस्टर, माह्यावर कोनीतरी करनी करून राह्यलं. रातभर आवाज येते." यावर "असं काही नसतं, झोपा" म्हटलं की संवाद तिथेच संपतो. "हो, मलाही ऐकू येतं" असं म्हणणं तर त्याहून वाईट. सरळ सांगा, "मले तो आवाज ऐकू येत नाही. पन तुम्हाले येते आन् तुम्ही घाबरले, हे मले दिसून राह्यलं. आवाज काय म्हणते?" शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आवाज "मर" किंवा "त्याला मार" असा हुकूम देत असेल तर ती बातमी राउंडपर्यंत थांबवायची नाही, लगेच डॉक्टरांना कळवायची.

वयाने मोठ्या रुग्णाला काका, मावशी, दादा, ताई म्हणा. वॉर्डातल्या बाकीच्यांनी एकेरी हाक मारली तरी तुम्ही मारू नका. रुग्णासमोर कोपऱ्यात कुजबुजणं आणि हसणंही टाळा, कारण संशयाच्या आजारात ते हसणं स्वतःवरच आहे अशी रुग्णाची खात्री होते.

बहुतेक कुटुंबं आपल्याकडे येण्याआधी कुठे ना कुठे जाऊन आलेली असतात. कोणी भगताकडे, कोणी ताजबागला, म्हणजे ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात. त्यावरून त्यांना रागावू नका. स्वतः ताजुद्दीन बाबांनाही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच शहराच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं होतं आणि लोक तिथे त्यांच्या दर्शनाला जात, ही आठवण नागपुरात अजून सांगितली जाते. श्रद्धा आणि गोळी दोन्ही चालू राहू शकतात, हे नातेवाइकांना पटलं की गोळी बंद होत नाही. फक्त उपाशी ठेवणं, बांधून ठेवणं, चटके देणं असं काही झालेलं दिसलं तर अंगावरच्या खुणांची नोंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

गोळी हातावर ठेवण्यापासून घशाखाली उतरेपर्यंत

योग्य रुग्ण, औषध, डोस, मार्ग, वेळ हा पाठ कॉलेजात झालेला असतो. मानसोपचार वॉर्डात त्यातला पहिलाच मुद्दा अवघड ठरतो. नाव पुकारलं की भलताच रुग्ण "हो" म्हणून पुढे येतो, किंवा ज्याचं नाव आहे तो हूं की चूं करत नाही. म्हणून "तुम्ही अमुक ना?" असं न विचारता "तुमचं नाव सांगा" म्हणा आणि मनगटावरची पट्टी, केसपेपर, शक्य असेल तिथे फोटो यांच्याशी पडताळा.

ट्रॉली कधीही मोकळी सोडू नका. एका वेळी एकाच रुग्णाला समोर घ्या. गोळी पाण्यासोबत द्या, मग त्यांच्याशी दोन वाक्यं बोला आणि "आ" करायला सांगून जिभेखाली, गालाच्या आत पाहा. हे चोर पकडल्यासारखं करायचं नाही, सगळ्यांचंच रोज होतं असं सांगून करायचं. गोळी लपवण्यामागे तीन कारणं असू शकतात: आजाराची जाणीव नसणं, दुष्परिणामांचा त्रास, किंवा गोळ्या साठवून एकदम घेण्याचा विचार. तिन्हींची काळजी वेगळी, म्हणून "गोळी थुंकली" एवढंच न लिहिता रुग्ण काय म्हणाला तेही लिहा. गोळी घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटं बाथरूमकडे कोण जातं त्यावर लक्ष असू द्या.

घरी वरणात, चहात गोळी मिसळून देणारी कुटुंबं भरपूर भेटतील. त्यांची अगतिकता खरी असते. पण रुग्णाला कळलं तर तो जेवणावरच संशय घेतो आणि पुढे जेवणही सोडतो. वॉर्डात आपल्या मनाने असं करायचं नाही. रुग्ण औषध नाकारतो आहे हे डॉक्टरांना सांगायचं, म्हणजे ते विरघळणारी गोळी, पातळ औषध किंवा महिन्याचं इंजेक्शन यांचा विचार करू शकतात.

पहिल्या आठवड्यात ही औषधं पाठ करा

हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलांझापिन आणि त्यांच्या जातीची. भास, संशय, उन्माद यांसाठीची ही औषधं. हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिल्यावर पहिल्या काही तासांत ते दोन-तीन दिवसांत, विशेषतः तरुण मुलांमध्ये, मान वाकडी होणं, डोळे वर चढणं, जीभ बाहेर येणं किंवा जबडा अडकणं असं होऊ शकतं. नातेवाईक "अंगात आलं" म्हणतात, नवी सिस्टर कधी फिट समजते. रुग्ण शुद्धीवर असतो आणि प्रचंड घाबरलेला असतो. डॉक्टरांना तातडीने बोलवा. लिहून दिल्याप्रमाणे प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं की थोड्या वेळात मान सैल होते. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर एक मिनिटही वाट पाहू नका.

दुसरी गोष्ट सहज चुकते. रुग्ण एका जागी बसत नाही, सारखा येरझाऱ्या घालतो, पाय हलवत राहतो. आजार वाढला असं समजून एसओएस, म्हणजे गरज पडेल तेव्हा द्यायचं, इंजेक्शन दिलं जातं आणि बेचैनी आणखी वाढते, कारण ती औषधाचीच असते. रुग्णाला विचारा, "मनात विचार येऊन फिरता, की पायांना चैन पडत नाही म्हणून फिरता?" उत्तरात फरक कळतो.

ओलांझापिन आणि क्लोझापिन यांनी भूक, वजन, साखर वाढते. दर आठवड्याला वजन घ्या. क्लोरप्रोमाझिन, क्लोझापिन, क्वेटिआपिन यांनी उभं राहताना रक्तदाब घसरतो, म्हणून पहाटे रुग्णाला आधी खाटेच्या काठावर बसवा आणि मग उठू द्या.

क्लोझापिन इतर औषधांनी गुण न आलेल्यांना देतात आणि बऱ्याच जणांचं आयुष्य त्याने सावरतं. पण त्यामुळे पांढऱ्या पेशी घटू शकतात. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं, मग वर्षभरापर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढे महिन्यातून एकदा. ताप किंवा घसादुखी झाली की "व्हायरल असेल" म्हणून सोडायचं नाही, त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी. लाळ गळते, उशी भिजते, रुग्णाला लाज वाटते. त्याबद्दल आपण होऊन विचारा. शौचाला कधी झाली हे रोज विचारा, क्लोझापिनच्या बद्धकोष्ठतेने आतडं बंद पडून जीव गेल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. आणि हे औषध ४८ तासांहून जास्त चुकलं असेल तर जुना डोस पुन्हा तसाच द्यायचा नसतो. डॉक्टरांना विचारून अगदी लहान डोसपासून, म्हणजे साडेबारा मिलिग्रॅमपासून, पुन्हा चढवावं लागतं.

महिन्याचं इंजेक्शन. फ्लुफेनाझिन डेकॅनोएटसारखी तेलातली औषधं दर दोन ते चार आठवड्यांनी कमरेच्या स्नायूत खोल देतात. सुई आणि सिरिंज कोरडी हवी. कातडी बाजूला ओढून धरून झेड पद्धतीने द्या आणि नंतर ती जागा चोळू नका. मागच्या वेळी कोणत्या बाजूला दिलं ते पाहून या वेळी दुसरी बाजू घ्या.

नैराश्यावरची औषधं. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन यांचा मनावरचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी मात्र पहिल्याच दिवसांत होते, म्हणून रुग्णाला वाटतं औषधाने आणखी बिघडलं. हे आधीच सांगून ठेवा. सुरुवातीचे आठवडे जास्त जपायचे. अंगात हुशारी आधी येते, मनातली निराशा नंतर ओसरते, आणि या मधल्या काळात मरणाचा विचार कृतीत उतरू शकतो.

लोराझेपाम, डायझेपाम यांनी झोप आणि शांतता मिळते, पण म्हातारी माणसं पडतात. शिरेतून दिल्यावर श्वास मोजा. ओलांझापिन आणि लोराझेपाम ही दोन्ही इंजेक्शनं एकापाठोपाठ देऊ नयेत, ऑर्डर तशी दिसली तर फोन करून विचारा. दारू सोडलेल्या रुग्णाला शेवटचा घोट घेतल्यापासून ४८ ते ७२ तासांच्या सुमारास भ्रम, थरथर, घाम, ताप सुरू होऊ शकतो. दाखल करतानाच "शेवटची कधी घेतली?" हे नातेवाइकांकडून वेळेसकट लिहून घ्या. अशा रुग्णाला ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यायचं असतं.

मूड स्थिर ठेवण्यासाठी दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट गर्भावर गंभीर परिणाम करतं. बाईमाणसाची पाळी कधी आली, लग्न ठरलंय का, मूल हवंय का, हे प्रश्न सिस्टरलाच मोकळेपणाने विचारता येतात. त्याच कामाचं कार्बामाझेपिन सुरू केल्यावर अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड दिसले तर पुढचा डोस थांबवून लगेच कळवा.

लिथियम आणि मे महिना

लिथियम हे मूड टोकाला चढण्या-उतरण्याच्या आजारावरचं औषध. हा भाग मी मुद्दाम वेगळा काढला आहे. पाठ्यपुस्तकात उन्हाचा उल्लेख एखाद्या ओळीत येतो. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, रात्रीही वॉर्डाच्या भिंती गरम असतात, आणि वीज गेली की कूलर बंद.

लिथियमचं रक्तातलं योग्य प्रमाण साधारण ०.६ ते १.२ mEq/L असतं. १.५ च्या वर विषबाधा सुरू होऊ शकते, म्हणजे औषध आणि विष यांच्यातलं अंतर फार थोडं आहे. घामावाटे मीठ आणि पाणी गेलं की मूत्रपिंड मिठासोबत लिथियमही धरून ठेवतं आणि डोस तोच असूनही पातळी चढते. जुलाब, उलटी, कडक उपवास, रोजा यांनीही तेच होतं. गुडघेदुखीसाठी बाहेरून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळीही पातळी वाढवते, रक्तदाबाच्या काही गोळ्याही वाढवतात. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल चालतं.

हाताची बारीक थरथर बऱ्याच जणांना असते. पण थरथर जाड झाली, चालताना झोक जाऊ लागला, बोलणं जड झालं, जुलाब-उलटी सुरू झाली, रुग्ण सुस्त दिसला, तर पुढचा डोस देऊ नका. डॉक्टरांना कळवा आणि पातळी तपासायला पाठवा. रक्त शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी घ्यायचं असतं. रात्री नऊला गोळी दिली असेल तर सकाळी नऊला, सकाळची गोळी देण्याच्या आधी. विषबाधेची शंका असेल तेव्हा मात्र बारा तासांची वाट पाहायची नाही.

रोज अडीच-तीन लिटर पाणी आणि नेहमीइतकंच मीठ हे सूत्र सांगा. मीठ एकदम बंद करू नका, एकदम वाढवूही नका. ताक, पन्हं चालतं. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांचं पाणी डॉक्टर ठरवतील. याच्या उलट, स्किझोफ्रेनियाचे काही रुग्ण नळाला तोंड लावून दिवसभर पाणीच पितात आणि रक्तातलं सोडियम घसरून त्यांना फिट येते. सकाळ-संध्याकाळ वजन घेतलं की ते लक्षात येतं. म्हणजे एकाच वॉर्डात कोणाला पाण्याचा आग्रह करायचा आणि कोणाला आवरायचं, याची यादी इन्चार्ज सिस्टरकडे असलीच पाहिजे.

भासावरच्या औषधांनी येणाऱ्या थरथरीवर, ताठरपणावर दिलं जाणारं ट्रायहेक्सिफेनिडिल, म्हणजे बोलीत पॅसिटेन, घाम कमी करतं. भासावरची औषधंही शरीराची उष्णता आवरण्याची ताकद कमी करतात. त्यामुळे या रुग्णांना ऊन लवकर लागतं. सकाळी अकरा ते चार त्यांना मैदानात, बागकामाला पाठवू नका. उन्हाळ्यातही स्वेटर घालून बसणारा रुग्ण दिसला तर तो काढायला लावा.

आता सगळ्यात अवघड प्रसंग. मे महिन्यात हॅलोपेरिडॉलवरचा रुग्ण १०४ तापाने गुंगीत सापडतो. ऊन लागलं म्हणून ओल्या चादरी टाकून वाट पाहायची का? आधी त्याचा हात कोपरातून वाकवून पाहा. उष्माघातात अंग बहुतेक वेळा सैल असतं. औषधाच्या दुष्परिणामाने झालेल्या न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोममध्ये ते शिशाच्या नळीसारखं ताठ असतं, घाम सुटलेला असतो, नाडी आणि रक्तदाब वर-खाली होत असतात. दोन्हींत जीव जाऊ शकतो, दोन्हींत अंग थंड करायचंच आहे, पण दुसऱ्यात ते औषध त्याच क्षणी बंद व्हायला हवं आणि रुग्णाला मेडिसिन विभागात हलवायला हवं. सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाल्याचं दाखवणाऱ्या रक्त तपासणीची, आठवण करून द्या.

जिवाचा धोका

"मरणाचा विचार येतो का?" हे स्पष्ट विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट रुग्णाला सुटल्यासारखं वाटतं. होकार आला तर पुढे विचारा: कसं करायचं ठरवलंय, कधी, याआधी प्रयत्न केला होता का. अशा रुग्णाला एकटं सोडून डॉक्टरांना शोधायला जाऊ नका, दुसऱ्या कोणाला पाठवा. शिफ्ट बदलण्याची वेळ, पहाट, दाखल झाल्यानंतरचे पहिले दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पहिले आठवडे जास्त धोक्याचे. अनेक दिवस खिन्न असलेला माणूस अचानक शांत झाला, वस्तू वाटू लागला, तर त्याला बरं वाटतंय असं गृहीत धरू नका.

आत्महत्येचा प्रयत्न करून आलेल्यांचे नातेवाईक पोलिसांच्या भीतीने खरं सांगत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं मानलं जातं आणि तिच्यावर त्यासाठी खटला चालत नाही. हे त्यांना सांगा, म्हणजे कोणतं विष, किती, कधी घेतलं ते कळेल.

रुग्ण खवळला तर

आवाज खाली, हात उघडे दिसतील असे, बाकीचे रुग्ण बाजूला. एकानेच बोलायचं. दोन पर्याय द्या: "गोळी घेता की आधी पाणी पिऊन बसता?" बहुतेक वेळा एवढ्याने निभावतं. इंजेक्शन द्यावंच लागलं तर पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वास पाहा आणि वेळेसकट लिहा.

बांधण्याबाबत कायदा कडक आहे. साखळी पूर्ण बंद, एकट्याला कोंडून ठेवणंही बंद. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तरच आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीनेच शारीरिक बंधन घालता येतं, तेही सतत देखरेखीखाली आणि नोंदीसह. शिक्षा म्हणून नाही आणि स्टाफ कमी आहे म्हणून तर अजिबात नाही. बंधन असताना बोटांचा रंग, पाणी, लघवी, कुशी बदलणं हे आपलं काम. सक्तीने डोकं भादरणं चालत नाही, आणि पाळीच्या काळात बाईला पॅड मिळणं हा तिचा कायद्याने दिलेला हक्क आहे.

शॉक ट्रीटमेंट, म्हणजे ईसीटी, भूल दिल्याशिवाय करता येत नाही. आदल्या रात्री डोक्याचं तेल धुऊन काढायचं, सकाळी उपाशी ठेवायचं, कवळी काढायची, लघवी करून घ्यायची. जाग आल्यावर रुग्ण गोंधळलेला असतो, तेव्हा त्याला त्याचं नाव, जागा, वार सांगत राहा.

सुट्टी देताना

नातेवाइकांना कागद देऊन मोकळं होऊ नका. प्रत्येक गोळी हातात धरून दाखवा, कोणती कशासाठी, कधी, आणि त्यांच्याकडूनच परत म्हणवून घ्या. वाचता येत नसेल तर पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्या. बरं वाटलं म्हणून गोळी बंद करायची नाही, हे सांगताना रुग्णालाही समोर बसवा.

शेतकरी कुटुंब असेल तर फवारणीचं औषध घरात कुठे असतं ते विचारा आणि कुलूप लावून किल्ली दुसऱ्याकडे ठेवायला सांगा. आत्महत्येचा धोका असलेल्याच्या हाती महिन्याभराच्या गोळ्या एकदम जाऊ नयेत. लिथियमच्या किंवा ॲमिट्रिप्टिलिन या नैराश्यावरच्या औषधाच्या मोठ्या साठ्याने जीव जाऊ शकतो. डॉक्टरांना एक-दोन आठवड्यांचाच पुरवठा लिहायला सांगा.

रात्री-अपरात्री विचारायला १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मोफत आणि चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून घ्या. पुढची तारीख ठरवताना गावाहून येणारी एसटी किती वाजता पोचते, ओपीडीचा केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो आणि त्या दिवशी गावात पोळा किंवा बाजार तर नाही ना, हे विचारून मगच तारीख लिहा. लिथियमची पातळी पाहायची असेल तर पुढच्या खेपेला सकाळची गोळी न घेता यायचं, तेही त्याच कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.